मुळांच्या रोगांवर स्युडोमोनास आणि बॅसिलस: कधी, कुठे, कसे द्यायचे

टोमॅटोची पाच-दहा झाडं दुपारी माना टाकतात, संध्याकाळ झाली तरी सावरत नाहीत, आणि मग कृषी सेवा केंद्रातून स्युडोमोनास या उपयोगी जिवाणूचं पाकीट येतं. त्याच पंपात कॉपरचं बुरशीनाशक, त्यातच स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाची पुडी, वरून ह्युमिक. आठ दिवसांत झाडं वाळतात आणि बांधावर निकाल लागतो, 'जैविकमध्ये काही दम नाही.' जुन्नर-आंबेगावपासून पुरंदर-दौंडपर्यंत हा खेळ दर हंगामात चालतो. खरं तर पाकिटातले जिवाणू पंपातच मेलेले असतात. जिवंत राहिले असते, तरी त्या झाडासाठी फार उशीर झालेला असतो.

हे जिवाणू एसटीच्या सीटवर खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखे आहेत. जागा आधी धरली तर उपयोग, कोणी बसल्यावर रुमाल टाकून काय होणार? कोवळ्या पांढऱ्या मुळीवर ते बुरशीच्या आधी पोचले पाहिजेत. तिथे ते मुळातून पाझरणाऱ्या साखरेवर जगतात, बुरशीला मारक द्रव्यं सोडतात, मातीतलं लोह स्वतःकडे ओढून घेतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतात. आपल्याकडच्या चुनखडीच्या, सामू आठच्या आसपास असलेल्या काळ्या जमिनीत लोह झाडाला आणि बुरशीला मुळातच कमी मिळतं, त्यामुळे स्युडोमोनासचा हा लोहाचा डाव इथे चांगला चालतो.

उदाहरण टोमॅटोचं घेतलं आहे. मिरची, वांगी, ढोबळी, कोबी यांनाही क्रम हाच. हरभऱ्यात फरक आहे, तो बीजप्रक्रियेत येईल.

## १. आधी झाड उपटा आणि रोग ओळखा

मर, म्हणजे झाड सुकून जाणं, हा एकच रोग नाही, आणि प्रत्येक मरीवर जिवाणू चालत नाहीत. पूर्ण वाळलेलं झाड तपासायला घेऊ नका, त्यावर नंतर आलेल्या बुरश्या दिसतात. नुकतंच सुकायला लागलेलं झाड घ्या. खेचू नका. बाजूने खुरप्याने माती सैल करून मुळांसकट उचला आणि बादलीत हलकेच धुवा.

आता बघा:

- खोड जमिनीजवळ उभं चिरा. सालीच्या आत तपकिरी रेघ वरपर्यंत गेलेली दिसली आणि खालची पानं आधी, बऱ्याचदा एकाच बाजूने, पिवळी पडली असतील, तर ती फ्युजॅरियमची मर.
- जमिनीलगत खोडाभोवती कापसासारखी पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील, तर स्क्लेरोशियम. हे दाणे मातीत अनेक वर्षं टिकतात, म्हणून असं झाड वावरात हलवत फिरू नका, जागेवरच पिशवीत घाला.
- मुळाची साल बोटाने ओढली की मोज्यासारखी निघून येते आणि आत फक्त दोरा उरतो, तर मूळकूज. पिथियम किंवा रायझोक्टोनियाचा संशय धरा. रोपवाटिकेत रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात, तेही बहुतेकदा याच मंडळींचं काम.
- झाड हिरवंगार असतानाच एकदोन दिवसांत मान टाकतं आणि पानं पिवळी पडायचीही वाट बघत नाही, तर जिवाणूजन्य मर. खात्री घरीच होते. खोडाचा बोटभर तुकडा धारदार पात्याने कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडेल असा धरून ठेवा. काही मिनिटांत टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसली की ओळख पटली.
- मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या मुळांवर रायझोबियम या नत्र पुरवणाऱ्या जिवाणूच्याही गाठी असतात, पण त्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि बोटाने सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही.

यातल्या पहिल्या तीन प्रकारांत स्युडोमोनास आणि बॅसिलस यांचा खरा उपयोग, तोही लागण व्हायच्या आधी. जिवाणूजन्य मर एकदा वावरात शिरली की पाकिटावर भरवसा ठेवू नका. त्या जमिनीत दोन-तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा टाळून मका, ज्वारी, कांदा फिरवा, किंवा प्रतिकारक खुंटावरची कलमी रोपं लावा. सूत्रकृमी असतील तर निंबोळी पेंड आणि झेंडूचा फेर आधी, जिवाणू नंतर. सूत्रकृमीने केलेल्या जखमांतून फ्युजॅरियम आत शिरतो, त्यामुळे मूळ दुखणं तसंच ठेवून वरून कितीही आळवणी केली, म्हणजे मुळाशी द्रावण ओतलं, तरी मर थांबत नाही.

ओळख पटत नसेल तर झाड मुळांभोवतीच्या मातीसकट प्लास्टिक पिशवीत घालून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात, नाहीतर नारायणगाव किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. नुसता मोबाइलवरचा पानांचा फोटो पाठवून मुळाचा रोग कळत नाही.

## २. पाकीट विकत घेताना

दुकानात तीन वस्तू एकाच फळीवर असतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. स्युडोमोनास फ्लुरोसेन्स आणि बॅसिलस सबटिलिस हे जिवाणू. 'तिन्ही जैविकच' म्हणून दुकानदार एकाऐवजी दुसरं देतो, पण त्यांचं पथ्य वेगवेगळं आहे. कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्मा मरतो, जिवाणूंना त्याचा फारसा त्रास नाही. उलट स्ट्रेप्टोसायक्लिन जिवाणूंचा काळ, बुरशीला त्याचं काही वाटत नाही. आपण काय विकत घेतलं हेच माहीत नसेल तर पुढचं सगळं पथ्य उलटं होतं.

दोन जिवाणूंतही फरक आहे. बॅसिलस प्रतिकूल काळात जाड कवचाचा बीजाणू करून पडून राहतो, म्हणून उष्णता आणि कोरडेपणा सोसतो. स्युडोमोनासला तसं कवच नाही. तो ४१ अंश सेल्सिअसला वाढतच नाही, आणि त्याहून तापलेल्या जागी पडून राहिला तर पाकिटात जिवाणू ज्यात मिसळतात ती टाल्कची पावडर तेवढी उरते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती तापतं, ते वेगळं सांगायला नको.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारी ते मे या लावणीला बॅसिलस घ्या, किंवा दोन्ही घ्या. पावसाळी आणि रब्बी पिकाला स्युडोमोनास उत्तम.

पाकिटावर हे तपासा: उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, बॅच क्रमांक, केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, आणि एका ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये किती जिवंत पेशी आहेत तो आकडा. चांगल्या जिवाणू उत्पादनावर तो १० चा आठवा घात, म्हणजे १० कोटी किंवा त्याहून जास्त असतो. आकडाच छापलेला नसेल तर पाकीट परत ठेवा. द्रवरूप बाटली फुगलेली असेल किंवा उघडल्यावर कुजका वास आला तर तीही नको. मुदत संपायला महिना राहिलेला माल दुकानदार स्वस्तात देतो. त्यात पैसे वाचत नाहीत.

घरी आणल्यावर पाकीट थंड, सावलीच्या जागी ठेवा, खतांच्या आणि तणनाशकाच्या खोलीत नको. फोडलेलं पाकीट त्याच हंगामात संपवा.

## ३. पाणी, पंप आणि वेळ

सगळ्यात जास्त जिवाणू इथे मरतात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पाणी विहिरीचं, बोअरचं किंवा शेततळ्याचं घ्या. ग्रामपंचायतीच्या नळाला येणारं पाणी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेलं असतं, महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. दोन्ही जंतू मारण्यासाठीच असतात आणि आपले जिवाणू त्याला अपवाद नाहीत. दुसरं पाणीच नसेल तर रुंद तोंडाच्या टपात रात्रभर उघडं ठेवून सकाळी हलवून घ्या. पुण्यात गच्चीवर कुंड्या लावणाऱ्यांनी ही एवढी एक गोष्ट पाळली तरी अर्धं काम झालं. विहिरीत नुकतीच टीसीएल टाकली असेल तर आठवडाभर थांबा.

पंप बोर्डो किंवा कॉपरसाठी वापरला असेल तर साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन, नोझल आणि गाळणीही काढून धुवा. तणनाशकाचा पंप तर यासाठी वापरूच नका. शक्य झालं तर आळवणीसाठी साधी झारी किंवा डबा ठेवा, मुळाशी ओतायला नोझलची गरजच नसते.

वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. जमिनीत वाफसा हवा, म्हणजे ओल असावी पण चिखल नाही. कोरड्या ठणठणीत मातीत ओतलेलं द्रावण वरच्या दोन बोटांत अडकतं आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात संपतं. चिखलातही नको, तिथे मुळांनाच हवा मिळत नाही.

> थांबा: गेल्या ८ ते १० दिवसांत जमिनीत कॉपर ऑक्सिक्लोराइड, बोर्डो, ब्लीचिंग पावडर, स्ट्रेप्टोसायक्लिन, कासुगामायसिन किंवा ब्रोनोपॉल यांपैकी काही दिलं आहे का? दिलं असेल तर जिवाणू आज नाहीत. आणि जिवाणू दिल्यानंतरही पुढचे ८ ते १० दिवस यांतलं काही मुळाशी जाऊ देऊ नका.

पानांवर कॉपरची फवारणी करायचीच असेल तर ती करता येते, फक्त द्रावण खोडावरून निथळून मुळाशी जाईल इतकं झोडपू नका. फेरस किंवा चिलेटेड लोहाचा हप्ताही त्याच आठवड्यात नको. लोह भरपूर मिळालं की स्युडोमोनास ते ओढून घेणारं द्रव्य तयार करणं कमी करतो, आणि वर सांगितलेला डाव तिथेच फसतो.

## ४. जमिनीत: शेणखताबरोबर

लावणीच्या किमान १५ दिवस आधी सुरुवात करा. एका एकराला टाल्कमधलं १ किलो स्युडोमोनास किंवा बॅसिलस ५० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळायचं. खत सावलीत पसरा, हातात घेऊन दाबल्यावर लाडू वळेल पण बोटांतून पाणी गळणार नाही इतकं ओलं करा, पावडर शिंपडा, फावड्याने खालीवर करा आणि ओल्या गोणपाटाने झाका. चार-पाच दिवस दर दिवशी हात घालून बघा. खत आतून गरम लागत असेल तर ते अजून कुजतं आहे, जिवाणू घालायची घाई झाली.

ही चूक फार होते. उकिरड्यातून काढलेलं अर्धकच्चं शेण वापरलं जातं आणि त्याच्या उष्णतेत पाकीट वाया जातं. शिवाय कच्च्या शेणाबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते ती वेगळीच.

तयार खत बेडवर, जिथे रोप बसणार त्या पट्ट्यातच द्या आणि मातीआड करा. सगळ्या वावरावर उधळू नका, मुळं जिथे येणार नाहीत तिथे जिवाणूंचं काय काम? मल्चिंग पेपर अंथरायच्या आधी हे झालं पाहिजे. बेसल डोसमधलं डीएपी, पोटॅश यांचा थर वेगळा, थोडा खोल आणि बाजूला. खताच्या दाण्याला चिकटलेले जिवाणू त्या मिठाने सुकून मरतात.

ड्रममध्ये गूळ, बेसन आणि पाकीट घालून सात दिवस ढवळायची पद्धत गावोगावी चालते. मला ती पटत नाही. उघड्या ड्रममध्ये गुळावर काय वाढेल यावर आपला ताबा नसतो. आंबलेला वास येतो तो स्युडोमोनासचा नव्हे, हवेतून पडलेल्या भलत्याच जंतूंचा. दहा पाकिटांचे पैसे वाचवायला जाऊन काय ओततो हेच कळत नाही.

## ५. बी आणि रोप

हरभरा: वाण आधी, जिवाणू नंतर. विजय, दिग्विजय यांसारखे मर सहन करणारे राहुरी विद्यापीठाचे वाण घेतले की जिवाणूंवरचा भार हलका होतो. बीजप्रक्रियेचा क्रम असा: रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते पहिलं, कीटकनाशक असेल तर ते दुसरं, आणि दोन्ही सुकल्यावर शेवटी जिवाणू. एक किलो बियाण्याला १० ग्रॅम स्युडोमोनास. रायझोबियमही याच शेवटच्या थरात चालतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा, बियाण्यावर नुसतं ओलसर होईल इतकंच शिंपडा, गोणपाटावर दोन्ही बाजूंनी धरून हलवा. घमेल्यात हाताने चोळलं तर हरभऱ्याची साल निघते. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. कोरड्या बियाण्याला पावडर फासून पेरलेली बरीचशी तिफणीच्या नळीतच गळते.

टोमॅटो, मिरचीची ट्रेमधली रोपं: उगवणीनंतर पहिली दोन खरी पानं आली की लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात झारीने आळवणी. कोलमड येते ती याच वयात. तोवर थांबून कोलमड दिसल्यावर द्यायला जाल तर ट्रेचा कोपरा गेलेला असतो. रोपं नर्सरीतून विकत आणणार असाल तर तिथे कोकोपीटमध्ये काय घातलं आणि शेवटची आळवणी कशाची झाली, ते विचारून घ्या. उत्तर 'ब्लू कॉपर' (म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड) आलं, तर पुढचं बुडवणं ८ ते १० दिवस लांबवा किंवा सरळ जमिनीतल्या आळवणीवर जा.

लावणीच्या दिवशी टपात लिटरला १० ग्रॅमचं द्रावण करा आणि ट्रे उचलून नुसता खालचा भाग त्यात बुडवा. कोकोपीटमधून बुडबुडे यायचे थांबले की काढा. गादीवाफ्यावरची उघड्या मुळांची रोपं असतील तर २० ते ३० मिनिटं मुळं बुडवून ठेवा. टप सावलीत हवा. शंभरभर ट्रे झाले की द्रावण गढूळ आणि कमी होतं, तेव्हा नवीन करा, वरून पाणी वाढवत बसू नका.

तपासा: एक गड्डी हातावर काढा. मुळं पांढरी, गड्डी धरून ठेवणारी हवीत. टोकं तपकिरी आणि चिकट असतील तर ती रोपं लावूच नका. रोगट रोप जिवाणूंच्या पाण्यात बुडवलं तर तोच टप बाकीच्या रोपांना रोग वाटतो.

## ६. लावणीनंतरची आळवणी

पहिली आळवणी लावणीनंतर चार-पाच दिवसांनी, रोप मातीत धरलं की. लिटरला ५ ग्रॅम, प्रत्येक रोपाला ५० मिलि, खोडाच्या बुडाशी. पाच फूट बाय दीड फूट अंतरावर एकरी साधारण ५,८०० रोपं बसतात, म्हणजे २९० लिटर पाणी आणि जवळपास दीड किलो पावडर. लोक १ किलोचं पाकीट २०० लिटरच्या एकाच टाकीत घालतात आणि टाकी संपेपर्यंत पुरवतात. मग शेवटच्या ओळींना काही मिळत नाही, आणि मर तिथूनच सुरू झाल्यासारखी दिसते. हिशोब आधी करा. पाकिटावर वेगळं प्रमाण छापलेलं असेल तर ते धरा.

टाल्क तळाशी बसतं. पावडर आधी बादलीभर पाण्यात कालवा, सुती कापडातून गाळा, मग टाकीत घाला आणि माणूस लावून ढवळत राहा.

दुसरी आळवणी १५ दिवसांनी, तिसरी फुलं लागताना. पहिल्या दोन महत्त्वाच्या, कारण त्या काळात नवी मुळी झपाट्याने वाढते आणि तिच्यावर अजून कोणी बसलेलं नसतं. पैसा आणि मजूर कमी असतील तर तिसरी सोडा, पहिली सोडू नका.

## ७. ठिबकमधून देताना

सोपं म्हणून बहुतेक जण हेच करतात आणि ड्रिपर बुजवून घेतात. ठिबकला द्रवरूपच घ्या. टाल्कची पावडर कितीही गाळली तरी गाळणी आणि ड्रिपरमध्ये बसते.

१. लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या ठिबक नळ्यांची, शेवटची टोकं उघडून स्वच्छ पाणी सोडा. नुकतीच आम्लप्रक्रिया किंवा क्लोरीनप्रक्रिया केली असेल तर ती पूर्ण निघून जाईपर्यंत पाणी वाहू द्या, आणि जिवाणू दुसऱ्या दिवशी द्या.

२. टोकं बंद करून १५ ते २० मिनिटं साधं पाणी, बेड ओला होईपर्यंत.

३. व्हेंच्युरीतून (ठिबकात द्रावण ओढून घेणाऱ्या जोडातून) जिवाणू. त्या टाकीत विद्राव्य खत, फॉस्फरिक आम्ल काहीही नको. खताची टाकी नुसती विसळून वापरू नका, धुवा.

४. नंतर फक्त नळ्या रिकाम्या होतील एवढं, पाच-दहा मिनिटं पाणी. इथे तासभर ठिबक चालू राहिलं की जिवाणू मुळांच्या खाली निघून जातात. मोटर सुरू करून चहाला गेल्यावर हेच होतं.

काळ्या-चंदेरी पेपरखाली दुपारी माती चांगलीच तापते, म्हणून ठिबकमधूनही वेळ संध्याकाळचीच. रात्री थ्री फेज येणार असेल तर रात्री द्या, त्याला काहीच हरकत नाही.

## ८. काम झालं की नाही, कसं कळणार

दोन ओळी जिवाणूंशिवाय ठेवा आणि काठीला फडकं बांधून खूण करा. वावराच्या एका कडेच्या ओळी नकोत, मधल्या घ्या, कारण कडेला पाणी साचतं किंवा लवकर सुकतं आणि तुलना फसते. ठिबकमधून देताना त्या दोन लॅटरलचे कॉक बंद करा. महिन्याने दोन्हीकडची सुकलेली झाडं मोजा आणि एखादं निरोगी रोप दोन्हीकडून उपटून पांढरी मुळी शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक दिसला नाही तर पाकीट, पाणी आणि टाकीतल्या सोबतच्या वस्तू या क्रमाने दोष शोधा. बहुतेक वेळा पाण्यातच सापडतो.

सुकलेलं झाड दिसलं की त्याला आळवणी करत बसू नका. खोडातल्या नळ्या बुजल्यावर ते परत येत नाही. मुळाभोवतीच्या मातीसकट उचला, पिशवीत घाला, वावराबाहेर नेऊन जाळा. पाटात किंवा बांधावर टाकलं की पुढच्या पाण्याबरोबर रोग खालच्या वावरात जातो. रिकाम्या खड्ड्यात त्या हंगामात नवं रोप लावू नका. जिवाणूंचं द्रावण त्याच ओळीत पुढच्या आणि मागच्या पाच-सहा निरोगी झाडांना द्या.

पावसाळ्यात बेडमध्ये पाणी तुंबलं तर आधी चर काढून पाणी काढा, वाफसा येऊ द्या, मग एक जादा आळवणी करा. तुंबलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात आणि पिथियमसारख्या बुरश्यांना मोकळं रान मिळतं. त्या आठवड्यात दिलेली जादा आळवणी बरीच झाडं वाचवू शकते.